अर्ध्या मिनिटामागचा आकडा

आमच्या फाउंड्रीत सकाळच्या बैठकीत रोज कुणीतरी 'रिअल टाइम' हा शब्द काढतं आणि मी वहीच्या समासात एक उभी रेघ मारते. या महिन्याच्या रेघांनी समास भरत आला आहे. भट्टीचं तापमान रिअल टाइम हवं, मालकांच्या चिरंजीवांना ते फोनवर दिसायला हवं, माल घेऊन गेलेला ट्रक कुठवर पोचला तेही हवं. घरी यावं तर भाचीच्या लग्नाच्या ग्रुपवर हळदीचे फोटो हळद चालू असतानाच येतात, आणि नणंद मलकापुरात एसटीत बसली की तिचा निळा ठिपका माझ्या फोनवर सरकायला लागतो. तो ठिपका बघत मी कुकर लावते. खरं सांगायचं तर मी या सगळ्यानं दमले आहे. बोलणाऱ्यांना त्या शब्दातून एवढंच म्हणायचं असतं, की लगेच, आत्ता, घडत असताना. माझी त्याला हरकत नाही. पण मी तो शब्द शिकले तेव्हा त्याचा अर्थ निराळा होता, आणि पाटी-पुस्तकापेक्षा तो मला गुळाच्या एका उकळत्या काहिलीपाशी कळला. तो हंगाम लिहून काढायचं काम किती वर्षं माझ्या यादीत आहे. दर वर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी ते पुन्हा उतरवून घेते. आता उतरवायचा कंटाळा आला, म्हणून लिहायला बसले.

कसबा बावड्याच्या कडेला, उसाच्या फडाला लागून आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, बापूसाहेबांच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. दिवाळी सरली की गुऱ्हाळ पेटायचं आणि उन्हं तापेपर्यंत चालायचं. घाण्याचं इंजिन सुरू झालं की त्याची फटफट आमच्या पत्र्यावर वाजायची. आईला घड्याळ लागायचं नाही. इंजिनाचा आवाज जड झाला म्हणजे घाण्यात ऊस गेला, हलका झाला म्हणजे रस काढून झाला, त्यानंतर इतक्या भाकऱ्या थापल्या की अण्णांचा डबा न्यायची वेळ, असा तिचा हिशेब. डबा मी न्यायची. भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, आणि ताकाचा तांब्या. येताना त्याच तांब्यातून ताजी काकवी आणायची. त्या चार महिन्यांत आमच्या घरात सगळ्याला गुळाचा वास असायचा, उशीला, वह्यांना, आईच्या केसांना. पाहुणे आले की म्हणायचे, काय गोड वास येतोय. आम्हाला तो येत नसे.

गुळव्याचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. काहिलीत रस उकळतो, भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढायची, ढवळत राहायचं, आटला की उतरवायचा. सगळी मेख 'आटला की' या दोन शब्दांत आहे. रस घट्ट होत आला की अण्णा लांब दांड्याच्या पळीनं थेंबभर पाक घेऊन गार पाण्याच्या टोपात सोडायचे, त्यात बोटं घालून त्याची गोळी वळायचे. गोळी बोटाला काय सांगेल त्यावर काहील उतरवायची. अलीकडे उतरवली तर गूळ पाझरतो, रवा धरत नाही. पलीकडे गेली तर काळा आणि कडू. मधे जी जागा असते ती मिनिटभराची, कधी त्याहून कमी. आणि काहील तिथवर पोचेपर्यंत तीन तास गेलेले असतात, एवढ्या मोठ्या उसाच्या ढिगाचा रस त्यात असतो. चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडं सारणारे दस्तगीरमामू अण्णांच्या हाताकडे बघत बसायचे. अण्णांनी तळवा वर केला की जाळ ओढायचा. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही.

मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते त्या हंगामात आईच्या एक गोष्ट लक्षात आली. अण्णा तव्यावरची भाकरी थेट हातानं उचलायचे, ती त्यांची जुनी सवय. पण त्या दिवशी ते भाकरी धरून आईशी बोलतच राहिले, हात हलवला नाही. आई म्हणाली, "ओ, चटका बसंना व्हय?" अण्णांनी भाकरी ताटात टाकली आणि म्हणाले, "कसला चटका, गार तर हाय." संध्याकाळी तीन बोटांवर फोड आले. डॉक्टरांनी रक्त तपासून साखर सांगितली. बोटांतली जाणीव जात चालली होती आणि ती परत यायची खात्री नव्हती. घरी येताना अण्णा हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "गुळव्याला साखर. लोकं पोट धरून हसतील की." कुणी हसू नये म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. गुऱ्हाळावर ते पूर्वीसारखेच गोळी वळत राहिले, चारचौघांना दिसावी म्हणून. गोळी त्यांना काही सांगत नव्हती. ते डोळ्यांनी काहील ओळखत होते, बुडबुडे कसे फुटतात, पाक पळीवरून कसा ओघळतो, त्यावरून. पण बोटांचा होकार नाही म्हटल्यावर त्यांचा डोळ्यांवरचा भरवसाही उडाला. रोज जेवताना आईला विचारायचे, "आज जरा नरम उतरला काय गं?" आईनं गूळ बघितलेला नसायचा.

मला प्रोजेक्ट करायचा होता आणि अण्णांना बोटं हवी होती. मी दोन्ही एका कागदावर लिहिलं, खाली सामान लिहिलं आणि कामाला लागले. स्टीलच्या नळीत बसवलेली तापमान मोजणारी काडी, कॉलेजातलं एक कार्ड, आणि लाल आकडे दाखवणारी डबी. किणीकर सर आमचे मार्गदर्शक. त्यांनी कागद बघून पहिला प्रश्न विचारला, "हे रिअल टाइम आहे का?"

मी म्हटलं, "हो सर, लगेच दाखवतं."

"लगेच म्हणजे काय? मी वेग विचारत नाहीये. ज्याला हे वापरायचंय त्याच्या हातात किती वेळ आहे? तेवढ्या वेळात उत्तर पोचणार आहे का, दर वेळी? परीक्षेत घंटा झाल्यावर लिहिलेलं बरोबर उत्तर मी तपासत नाही. ते चुकलंय म्हणून नव्हे. पेपर उचललेला असतो म्हणून."

मी ते वहीत तारखेसकट लिहून घेतलं. लिहून घेतलं की समजलं, असं मला त्या वयात वाटायचं. माझ्या हाताखालच्या पोरांचंही आज तसंच आहे, म्हणून त्यांच्यावर रागावताना माझा आवाज चढत नाही.

पहिल्या दिवशी डबी काहिलीजवळच्या खांबाला बांधली. उकळीमुळे आकडा जागेवर ठरेना. वर जाई, खाली येई. दस्तगीरमामू जाळापुढून ओरडले, "सुमे, आगं आकडा हाय का कोंबडं? दाणं टाकल्यागत नाचालंय!" बायका गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, बांधता बांधता हसल्या. अण्णाही हसले, पण मान वळवून. मला तो हशा सोसला नाही. घरी जाऊन मी कार्डातलं गणित बदललं. दर सेकंदाला घेतलेलं माप जसंच्या तसं दाखवायचं नाही, गेल्या साठ मापांची सरासरी दाखवायची. दुसऱ्या दिवशी आकडा शहाण्या पोरासारखा एकेक पायरी चढला. मग पंधरा दिवस मी रोज एका तरी आधणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, हजर राहिले. अण्णा डोळ्यांनी ठरवून हात वर करायचे, त्या वेळी डबीवर जो आकडा असेल तो मी लिहायची. पंधरा दिवसांत आकडे इतके जवळजवळ आले, की मी त्यांतला मधला घेऊन खांबावर खडूनं मोठा लिहिला. हा आला की उतरवायचं.

अण्णांची झोप परत आली, जेवण वाढलं. गोळी वळायचे ते दाखवण्यापुरती, नजर डबीवर. एकदा मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, "बोटं गेली तर गेली. मला पोरीनं नवी केली." चारचौघांत नाही, माझ्यापाशीच म्हणाले. बापूसाहेब मात्र गावभर सांगत सुटले, आमच्या गुऱ्हाळाला कॉम्पुटर बसवलाय. लोक उसाच्या गाड्या घेऊन आले की आधी डबी बघायला जायचे.

प्रोजेक्ट तपासायला किणीकर सर आणि बाहेरचे एक परीक्षक थेट गुऱ्हाळावर येणार, असं ठरलं. त्या दिवशी ऊस बापूसाहेबांचा स्वतःच्या मळ्यातला होता. त्यांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, नारळ फोडला, पाहुण्यांना उसाचा रस दिला, मग काकवी दिली, मग शेंगा दिल्या. दुपार कलत चालली आणि काहील अजून व्हायची होती. परीक्षकांनी एकदा घड्याळ बघितलं. बापूसाहेबांनी ते टिपलं.

"दस्तगीर, आरं पावण्यांस्नी ताटकळत ठिवतासा व्हय? जाळ वाढीव की जरा!"

"वाढीवतो की. चिपाडं लई वाळल्यात आज," मामू म्हणाले, आणि दोन्ही हातांनी सारायला लागले.

मी त्या वेळी परीक्षकांना वही दाखवत होते, पंधरा दिवसांचे आकडे, रेघा मारलेले तक्ते. चुलवाणातला जाळ वाढला तसा माझ्या पाठीला उबारा लागला, एवढंच मला कळलं. पंधरा दिवस सगळी आधणं एका चालीनं चढली होती. हे पळत होतं, आणि माझी डबी गेल्या साठ सेकंदांची सरासरी सांगत बसली होती. म्हणजे काहील जिथं होती ते डबी सांगत नव्हती. अर्ध्या मिनिटापूर्वी जिथं होती ते सांगत होती. संथ जाळावर तेवढ्यानं काही बिघडत नव्हतं, कारण तो उशीर खडूच्या आकड्यात आधीच मुरला होता. पळत्या जाळावर अर्धं मिनिट म्हणजे सगळंच.

अण्णा काहिलीपाशी उभे होते. डबी खडूच्या आकड्याच्या चार पायऱ्या खाली होती. मी वहीतून वर बघितलं तर डबी चढत होती, तीन पायऱ्या, दोन. सर पुढं झुकून काहिलीत बघत होते. एक. आकडा आला. अण्णांनी तळवा वर केला, मामूंनी जाळ ओढला, गड्यांनी यारीची साखळी खेचली, काहील उचलली, गूळ गार करायच्या वाफ्यात ओतला. पडताना त्याचा रंग बघून रवे बांधणाऱ्या बायकांनी हातातली फडकी खाली ठेवली. सोनेरी पिवळा यायचा तो तांबूस काळा, आणि वाफ्यात पसरायच्या आधीच कडेला धरायला लागला. बापूसाहेबांनी उलथन्यानं टवका काढून तोंडात टाकला आणि बाजूला थुंकला.

"ह्ये काय झालं?"

मी डबीकडे बघितलं. काडी काहिलीतून निघून वाऱ्यावर लोंबकळत होती, गार होत होती, आणि लाल आकडा अजून चढत होता. एक पायरी, आणखी एक. त्या दोन पायऱ्यांत मला सगळं कळलं. किणीकर सरांचा प्रश्न, घंटा, उचललेला पेपर, सगळं.

परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "मीटर चुकला का?"

मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते मला पूर्ण वाक्यांत माहीत होतं. सरासरी माझी, चूक माझी, आकडा खरा पण मागचा. पण ते बोलले तर प्रोजेक्ट गेला, वर्ष गेलं, असं एका बाजूला डोक्यात चाललं होतं. एवढ्यात अण्णा पुढं झाले.

"मशीन बराबर हाय, सायेब. मशिनीनं येळेवर सांगितलं. मी गोळी बघत बसलो."

"गोळी बघत?" बापूसाहेब म्हणाले. "तुमास्नी गोळी बघायला मिनिट लागतंय व्हय, मारुतीअण्णा? डोळं झाकून वळतासा."

अण्णांनी हात पुढं केला, बोटं पसरली. बोटांवर जुन्या फोडांच्या काळ्या खपल्या होत्या. "बोटं गेल्यात माझी. गोळीचं कळत न्हाय. म्हणून उशीर झाला."

"कवापासनं?"

"औंदाच्या हंगामापासनं."

"आनि तुमी बोलला न्हाईसा?"

अण्णांनी मान हलवली. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. सर माझ्याकडे बघत होते. काहील उचलल्यावरही डबी चढताना त्यांनी बघितली होती की नाही, हे मला आजवर माहीत नाही. मी तोंड मिटलं. मला चांगले गुण मिळाले. शेऱ्यात लिहिलं होतं, उपयुक्त उपकरण, वापरणाऱ्याला प्रशिक्षण हवं.

आज फाउंड्रीत कुणीही आकडे दाखवणारा नवा पडदा भिंतीला लावला की मी एकच विचारते, हा आकडा किती मागचा? पोरं म्हणतात, मॅडम, रिअल टाइम आहे. मी म्हणते, ते ऐकलं, किती मागचा ते सांग. बहुतेकांना माहीत नसतं. मग शोधून आणतात, मी वहीत लिहिते, सही घेते. माझ्या मागं मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

बापूसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अण्णांवर आरडाओरडा केला नाही, घरी येऊन चहा घेतला, आईशी बोलले. पण मुरगूडकडचा एक गुळव्या त्यांनी बोलावून घेतला, आणि अण्णा दुसऱ्या दिवसापासून घरी. इंजिनाची फटफट पत्र्यावर वाजायची. आईनं डब्याची भाकरी थापायला घ्यायची आणि थांबायचं. अण्णा कान देऊन बसायचे, आवाज जड झाला की म्हणायचे, "फिरला घाणा." मी डबीतलं गणित बदलून नीट केलं, नाचला तर नाचू दे म्हणून, आणि विचारलं, नेऊन बसवू का? अण्णा म्हणाले, "कुनासाठी?"

प्रोजेक्टच्या निकालानंतर आठवड्यानं दस्तगीरमामू रस्त्यात भेटले. सायकलवरून उतरले.

"पास झालीस म्हणं."

"झाले मामू."

"व्हायचीच की." मग सायकलच्या दांड्याकडे बघत म्हणाले, "एक बोलू काय सुमे? त्या दिवशी तुज्या बापानं हात वर केलता. आकड्याच्या आदी. मी जाळ वढायला वाकलो, आनि त्यानं हात खाली घेतला. खांबाकडं बघितलं, तुज्याकडं बघितलं. तू सायेबाला वही दावालतीस. मी म्हटलं, आरं काय करालाय ह्यो? त्यानं मला मुंडी हलवून थांब म्हणून सांगितलं. त्येला कळलं हुतं गं. बोटाबिगर कळलं हुतं." मामू पुन्हा सायकलवर बसले. "मी कुनाला बोललो न्हाय. तूबी माझं नाव सांगू नगंस."

मी तिथूनच गुऱ्हाळावर गेले. बापूसाहेब रव्यांवर खूण करत उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, सरासरी, साठ सेकंद, वाढवलेला जाळ, न बोललेलं तोंड. मामूंचं नाव घेतलं नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मधे एकदा नव्या गुळव्यानं हाक मारली, त्याला थांब म्हणाले.

"पोरी, ह्ये तू त्या दिवशी बोलली असतीस तर मी पावण्यांसमोर हसलो असतो, झालं. आता ह्या मानसाला हंगामाचा शब्द दिलाय. आनि तुज्या बापाची बोटं गेल्यात ती गेल्यातच की. गावाला ठावं झालंय. आता त्यास्नी बलवलं तर ऊस घालणारं इचारतील, आमच्या काहिलीवर थोटा मानूस का उभा केला?"

"त्यांना डोळ्यांनी कळतं, काका."

"कळत आसंल. पर लोकांस्नी बोटं बघायची असत्यात."

घरी आले तर अण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. बोटांना दाब कळत नव्हता म्हणून पाट्यावर ठेवून वरवंट्यानं हळूच ठेचायचे. टरफलाबरोबर दाणेही फुटायचे.

"कुठं गेलतीस?"

"गुऱ्हाळावर."

त्यांनी वरवंटा थांबवला नाही. "काय काम काढलंस?"

मी सांगितलं. बापूसाहेबांना काय काय बोलले ते सगळं, त्यांनी काय उत्तर दिलं तेही. अण्णांनी एक शेंग ठेचली, दाणे वेचले, ताटलीत टाकले. "मी तुला बोललो असतो जा म्हणून?" म्हणाले. "उगं गेलीस." मग ताटलीतली फोलं फुंकून, "आधण उतरलं का त्यांचं, तू हुतीस तवर?"

"उतरलं."

"रंग कसा हुता?"

पंधरा दिवस तिथला एकेक आकडा लिहिणारी मी, आणि मी गुळाकडे बघितलंही नव्हतं. मी म्हटलं, "चांगला होता. पिवळा."

"हिकडं ये जरा."

मी जवळ जाऊन बसले. अण्णांनी माझ्या ओढणीचं टोक मनगटावर घेतलं, बोटांनी धरलेलं कळत नव्हतं म्हणून, आणि नाकापाशी नेलं. डोळे मिटून हुंगलं, सोडलं, पुन्हा हुंगलं.

"न्हाय," ते म्हणाले. "जरा उशीर केला त्यानं. करपला न्हाय, पर खाताना शेवटाला कडवट लागंल." आणि ओढणीचं टोक माझ्या मांडीवर नीट ठेवून त्यांनी पुढची शेंग पाट्यावर घेतली.